आधी मासे

माझ्या थोरल्या दिरांचे मासे उजेडात राहिले आणि मी अंधारात, हे मी विसरलेली नाही. विसरून जा, असं मला पुष्कळांनी सांगून पाहिलं. नवऱ्याने सांगितलं, आईने फोनवर सांगितलं, जाऊबाईंनी तर डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. मी प्रत्येकाला हो म्हटलं आणि बॅटरी आणायला गेले.

आमचं घर दुमजली. वर भाऊजी आणि जाऊबाई, खाली मी आणि माझा नवरा. भाऊजी एका मोठ्या खात्यातून निवृत्त झाले, पण खात्यातून झाले, साहेबपणातून नाही. घरात दोन्ही भावांचं मिळून एकच इंटरनेट होतं. बाहेरून येणारी तार वरच्या मजल्यावरच्या एका पांढऱ्या डबीत शिरायची आणि त्या डबीतून दुसरी तार जिन्याच्या कडेने माझ्या खोलीतल्या राउटरपर्यंत यायची. ही डबी भाऊजींच्या दिवाणखान्यात होती, माशांच्या काचपेटीच्या मागे.

माझं काम ऐकायचं आणि टाइप करायचं. ज्यांना ऐकू येत नाही अशा लोकांच्या ऑनलाइन बैठका, वर्ग, मुलाखती चालतात, तेव्हा मी कानाला हेडफोन लावून बसते आणि समोरचा जे बोलेल ते त्याच वेगाने टाइप करते. तिकडे त्या माणसाला पडद्यावर ते वाचायला मिळतं. माझी बोटं थांबली की त्याचे कान बंद. म्हणून या कामात नेट गेलं, लाइट गेली, पाहुणे आले, ताप आला, यातलं कुठलंही कारण चालत नाही. आणि आमच्याकडे लाइट तर अशी जायची की जणू तिचं माहेर शेजारच्या गल्लीत होतं.

वर इन्व्हर्टर होता. तो भाऊजींनी निवृत्तीनंतर बसवला आणि त्याचं कौतुक घरात नव्या सुनेचं झालं नसेल एवढं झालं. लाइट गेली की वर पंखा फिरायचा, टीव्ही चालायचा आणि काचपेटीत निळा दिवा लागायचा. त्या उजेडात एक छोटा प्लास्टिकचा किल्ला, किल्ल्यातून निघणारे बुडबुडे आणि बुडबुड्यांभोवती ते केशरी, गुबगुबीत मासे. पांढरी डबी मात्र साध्या पॉइंटवर. ती लाइटबरोबर मरायची.

मी एकदा म्हटलं होतं, "भाऊजी, ती नेटची डबी तेवढी इन्व्हर्टरच्या पॉइंटला लावता येईल का? माझं काम अडतं."

"लोड पडतो," भाऊजी पेपरमधून डोकं न काढता म्हणाले.

"अहो, ती दिव्याएवढीसुद्धा वीज खात नाही."

"अगं, मी आयुष्य यंत्रांत घालवलं. मला नको शिकवूस."

भाऊजींनी आयुष्य यंत्रांच्या फायलींत घालवलं होतं, पण ते बोलायची सोय नव्हती. नवरा खाली आल्यावर म्हणाला, "दादाला कशाला दुखवायचं? तू आपली एक छोटी बॅटरी घे ना राउटरला." माझा नवरा मनाचा चांगला आहे, पण भावापुढे त्याच्या तोंडाला कुलूप लागतं आणि किल्ली भावाच्याच खिशात असते.

मी राउटरसाठी एक छोटी बॅटरी घेतली. लाइट गेली तेव्हा राउटरचे दिवे छान लुकलुकत होते, मोबाइलवर वाय-फायच्या सगळ्या रेघा भरलेल्या होत्या. तेवढं पाहून मी खूश झाले. रेघा म्हणजे फक्त माझा मोबाइल आणि माझा राउटर यांचं आपसातलं गूळपीठ, त्यांचा बाहेरच्या जगाशी काही संबंध असेलच असं नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही. वरची डबी मेलेली असेल तर खालचा राउटर नुसता दिवे लावून बसतो.

हे मला कळलं ते त्या मुलीच्या परीक्षेत.

औषधनिर्माण शिकणारी मुलगी. लहानपणापासून ऐकू येत नाही. वर्षभर मी तिच्या वर्गांना टाइप करत होते. तिला मी कधी प्रत्यक्ष भेटले नव्हते, पण ती विनोदावर सगळ्यांच्या नंतर हसते, कारण माझी बोटं तेवढी मागे असतात, हे मला माहीत होतं. मी तिच्यासाठी वेग वाढवला होता, फक्त तिला वर्गाबरोबर हसता यावं म्हणून. तिची शेवटची तोंडी परीक्षा ऑनलाइन होती. परीक्षक तिघं. पहिले प्रश्न छान गेले. मग पंखा थांबला.

मी घाबरले नाही. बॅटरी आहे, म्हटलं. राउटरचे दिवे चालू, रेघा भरलेल्या, आणि पडद्यावर परीक्षक तोंड उघडं ठेवून गोठलेले. मी काय टाइप केलं ते पुढे गेलंच नाही. मी जिना चढून वर धावले.

वर निळा उजेड होता. भाऊजी खुर्चीत, जाऊबाई स्वयंपाकघराच्या दारात. मी म्हटलं, "भाऊजी, एका मुलीची परीक्षा चालू आहे. माशांच्या दिव्याचा प्लग काढून तिथे ती डबी लावू द्या. थोडाच वेळ. मी पाया पडते."

"त्याच प्लगवर त्यांचा पंप आहे. त्यांना हवा लागते."

"भाऊजी, मासे थोडा वेळ हवेशिवाय राहतात."

"आधी मासे," भाऊजी म्हणाले. अगदी शांतपणे म्हणाले. "मुके जीव आहेत ते. तुझं नेट काय, येईल नंतर."

जाऊबाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं, त्या माशांसारखंच. मी काचपेटीच्या मागे हात घालायला गेले तर भाऊजी उठून मध्ये उभे राहिले. दीर मध्ये उभा राहिला तर भावजयीने त्याला ढकलायचं नसतं, हे माझ्या हाडांत इतकं मुरलेलं होतं की मी खरंच थांबले. मग लॅपटॉप घेऊन गच्चीवर पळाले, कारण आमची गल्ली उंच इमारतींच्या मध्ये, मोबाइलची रेंज फक्त गच्चीत मिळते, तीही मिळाली तर. मिळाली तेव्हा परीक्षा संपली होती.

नंतर कळलं, ती मुलगी शेवटपर्यंत परीक्षकांकडे बघून मान हलवत हसत राहिली. तिला वाटलं, मी थोडी मागे पडलेय, अक्षरं येतीलच. परीक्षकांनी शेरा मारला की विद्यार्थिनीला प्रश्न समजत नाहीत. तिचं वर्ष गेलं. कंपनीने मला कामावरून बाजूला केलं. ते मी सोसलं असतं. पण त्या मुलीचा एक निरोप आला होता, एकाच ओळीचा. "तुम्ही कुठे गेलात?"

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती तेव्हा गेली आणि मग खाली उतरलीच नाही.

मी भांडले नाही. भांडण भाऊजींना आवडतं, त्यात ते जिंकतात. मी माझ्या नावाने वेगळं कनेक्शन घेतलं. बसवायला आलेल्या माणसाला म्हटलं, तार थेट माझ्या टेबलाजवळ आण आणि डबी आणि राउटर दोन्ही एकाच फळीवर ठोक. मग बॅटरीच्या दुकानात गेले. दुकानदारीणबाई गल्लीच्या तोंडाशी स्कूटरच्या बॅटऱ्या विकतात. त्यांनी माझ्या दोन्ही डब्यांवरचं बारीक लिहिलेलं वाचलं आणि एक लांबलचक काळी बॅटरी काढून दिली. तिला दोन पिना आणि एक मोबाइलचा चार्जर लावायचं भोक.

"दोन्हीला वेगवेगळी वायर लाव," बाई म्हणाल्या. "आणि दुसरं काही लावायचं नाही. लोक काय करतात, नेटला म्हणून बॅटरी नेतात आणि तिच्यावर लॅपटॉप लावतात, पंखा लावतात, मग माझ्या नावाने बोटं मोडतात."

मी रोज दुपारी खालचा मेन स्विच स्वतःच बंद करून तालीम करू लागले. नवरा एकदा अंधारात जेवणाचं ताट घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "अगं, लाइट आहे ना गल्लीत!" म्हटलं, गल्लीत आहे, माझ्याकडे गेलीय. त्याने निमूटपणे मोबाइलचा उजेड केला. त्याला कळत होतं, मी कशाची तयारी करतेय. थांब असं तो म्हणाला नाही, एवढ्याबद्दल मी त्याची आभारी आहे.

वाय-फायला पासवर्ड द्यायची वेळ आली तेव्हा मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता, मी टाइप केलं: आधीमासे.

हळूहळू सगळ्या गल्लीला कळलं की लाइट गेली तरी माझ्याकडे नेट असतं. समोरच्या शिंपीणबाई आल्या, त्यांना गिऱ्हाइकाला फोटो पाठवायचा होता. टॅक्सीवाला आला. निवृत्त नर्सबाई आल्या, त्यांचा मुलगा परदेशात. मी कुणाला नाही म्हटलं नाही. लाइट गेली की माझ्या ओट्यावर माणसं जमायची आणि नवं कुणी आलं की बाकीचे एका सुरात पासवर्ड सांगायचे. शिंपीणबाईंनी विचारलं, "असला कसला गं पासवर्ड?" मी म्हटलं, मला आवडतो. मग तो गल्लीचा विनोदच झाला. कुणी रांगेत पुढे घुसलं की "आधी मासे!" टॅक्सीवाला दुसऱ्याच्या गाडीला वाट देताना "आधी मासे!" भाऊजी गल्लीत कुणाशी बोलत नसत. ते नाकासमोर बघून फिरायला जात आणि लोक काय दात काढतायत हे त्यांना समजत नसे. मला समजायचं. माझी रोजची चैन होती ती.

मला वाटलं होतं, एवढ्यावर मन भरेल. नाही भरलं.

पुढे त्या मुलीची परीक्षा पुन्हा ठरली. तिने कंपनीला कळवलं की टाइप करायला मीच हवी. का, ते तिलाच ठाऊक. कंपनीने मला सांगितलं, ही शेवटची संधी. यात खंड पडला तर पुन्हा फोन करू नका. म्हणजे तिचं वर्ष आणि माझं काम, दोन्ही त्या एका दुपारवर.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी गल्लीचा ट्रान्सफॉर्मर जळाला. धूर निघाला, वास सुटला आणि सगळी गल्ली गप्प झाली. दुरुस्तीवाले आले, वर बघितलं, माना हलवल्या आणि गेले. संध्याकाळपर्यंत लोकांचे इन्व्हर्टर एकेक करून कुंई कुंई करत बसले. वर मात्र पंखा, टीव्ही, निळा दिवा सगळं जोरात. भाऊजी कधी काही बंद करायला शिकलेच नव्हते. मी माझी बॅटरी बंद करून, लॅपटॉप मिटून, अंधारात गप्प बसून राहिले. सकाळी उठले तेव्हा वर पंख्याचा आवाज नव्हता.

जाऊबाईंकडून मला आधीच कळलेलं होतं की त्याच दिवशी भाऊजींचीही मुलाखत होती. एका समितीवर सल्लागार नेमायचे होते, ऑनलाइन बोलणं होतं. कोटाला आठवडाभर इस्त्री चालली होती. पुन्हा दारावर पाटी लागणार, पुन्हा गाडी येणार. भाऊजी त्या आशेवर दहा वर्षांनी तरुण झाले होते, हे मी जिन्यावरच्या त्यांच्या पावलांवरून ओळखत होते.

ते खाली आले तेव्हा ओट्यावर अर्धी गल्ली बसली होती. मी आधीच दम दिला होता, आज फक्त निरोप पाठवायचे, व्हिडिओ लावेल त्याला उठवीन. भाऊजी कोट घालून, काखेत लॅपटॉप आणि हातात त्याची जाडजूड वायर घेऊन दारात उभे राहिले. लग्न होऊन आल्यापासून ते माझ्या दारात पहिल्यांदाच उभे होते. एरवी ते जिन्यावरूनच हाक मारत.

"अगं, तुझी ती बॅटरी चालू आहे ना?"

"आहे की."

"हा लॅपटॉप जरा लावू दे. अर्ध्या तासात होईल चार्ज. इन्व्हर्टर बसलाय."

मी इतके महिने या वाक्याची वाट बघत होते. रात्री कुशीवर वळताना मी याची उत्तरं रचली होती, लांबलचक, जहरी. ऐन वेळी एकच आठवलं.

"लोड पडतो, भाऊजी."

त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. मी डोळे भरून बघितला. आणि मी खोटं बोलत नव्हते. त्यांचा लॅपटॉप माझ्या दोन्ही डब्यांना मिळून लागते त्याच्या कितीतरी पट वीज ओढतो, तो लावला असता तर दुपारपर्यंत माझ्या बॅटरीने मान टाकली असती.

"मुलाखत आहे माझी," भाऊजी खालच्या आवाजात म्हणाले.

"माझी परीक्षा आहे. तीच मुलगी. तीच परीक्षा."

भाऊजींना कुठली मुलगी, कुठली परीक्षा, काही आठवेना. कपाळाला आठ्या घालून ते माझ्याकडे बघत राहिले. ज्या गोष्टीने मला इतके महिने जाळलं, ती त्यांच्या खिजगणतीतही नव्हती. तोवर माझ्या मनात कुठेतरी थोडी जागा होती. ती त्या क्षणी संपली.

मी म्हटलं, "मोबाइल आहे ना तुमच्याकडे? चार्ज असेल. मोबाइलवर मुलाखत द्या. आत माझ्या नवऱ्याच्या खोलीत बसा, दार लावून घ्या. वाय-फायला मी नाही म्हणत नाही, ते सगळ्यांना आहे."

हे मी मनापासून म्हटलं, हे लिहून ठेवते, कारण नंतर घरात मी त्यांची मुलाखत बुडवली असं बोललं गेलं. मी दार उघडं ठेवलं होतं. दारात काय ठेवलं होतं, तो भाग वेगळा.

भाऊजींनी मोबाइल काढला. "पासवर्ड काय?"

मी तोंड उघडायच्या आत ओट्यावरून शिंपीणबाई मदतीला धावल्या. बाई मनाने इतक्या सरळ की त्यांना काही सांगावं लागत नाही. "साहेब, मी सांगते ना! आधी मासे. सगळं जोडून लिहायचं. आधी मासे!"

"आधी मासे!" नर्सबाईंनी मागून री ओढली. टॅक्सीवाला हसला. "सोप्पंय साहेब, सगळ्या गल्लीला पाठ आहे."

भाऊजींचा अंगठा पडद्यावर थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. आता त्यांना मुलगी आठवली होती. निळा दिवा, प्लग, मी केलेली विनवणी, सगळं त्यांच्या तोंडावर एकेक करून उमटताना मी पाहिलं. मी नजर हटवली नाही. पाठीमागे माणसं गप्प होत गेली, कारण माणसांना कारण कळत नसलं तरी काहीतरी लागलंय हे कळतं.

"हा पासवर्ड..." भाऊजी म्हणाले.

"तुमचंच वाक्य आहे, भाऊजी. मला फार आवडलं होतं."

थोडीशी अक्षरं. टाइप केली असती तर पाटी, गाडी, समिती, सगळं दाराशी होतं. भाऊजींनी मोबाइल कोटाच्या खिशात ठेवला आणि जिना चढून वर गेले. मग गच्चीवर गेल्याचा आवाज आला, पण मोबाइलचा टॉवरही बॅटरीवरच जगतो आणि तो आदल्या रात्रीच गेला होता. ते तिथे बराच वेळ उभे होते, असं नंतर जाऊबाई म्हणाल्या.

मी हेडफोन लावले. फळीवर दोन्ही डब्यांचे दिवे हिरवे होते. परीक्षक तेच तिघं, त्यातला एक भराभर बोलणारा. मी त्याच्या तोंडातून शब्द पडायच्या आत उचलले. मुलगी वाचत होती, उत्तरं देत होती, एका प्रश्नावर अडली, मग तिने तो परत विचारायला लावला आणि बरोबर सांगितलं. शेवटी एका परीक्षकाने कसलासा फुसका विनोद केला आणि ती त्याच्याबरोबर हसली. मागाहून नाही, बरोबर. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. तिचा निरोप आला, "आज तुम्ही होतात."

त्यानंतर मी शांत व्हायला हवं होतं, असं नवऱ्याचं म्हणणं आहे.

लाइट अजून आलेली नव्हती तेव्हा जाऊबाई खाली आल्या. दोन्ही हातांत बादली धरून, एकेक पायरी चाचपत. बादलीत ते केशरी मासे वर येऊन तोंडं उघडत होते. काखेत एक इवलासा पंप होता, पाणी बदलताना वापरायचा, मोबाइलच्या चार्जरवर चालणारा.

"हे उशीत तोंड खुपसून पडलेत," जाऊबाई म्हणाल्या. "त्यांना मी नाही काही म्हणणार आता. पण यांना तरी हवा दे गं."

माझी जीभ वळवळली. नाही असं नाही. मी बादलीत बघितलं, मग जाऊबाईंच्या ओल्या झालेल्या पदराकडे बघितलं. पंप घेतला, बॅटरीच्या भोकात लावला आणि नळी पाण्यात सोडली. बुडबुडे यायला लागले.

"लोड पडेल का गं?" जाऊबाईंनी घाबरत विचारलं.

"माशांचा?" मी म्हटलं. "छे."

दुसऱ्या दिवशी लाइट आली, पण मासे वर गेले नाहीत. भाऊजी म्हणाले, नजरेसमोर नकोत. मग नवऱ्याने काचपेटी खाली आणली, किल्ल्यासकट. आता ती माझ्या टेबलाशेजारी असते. मुलगी पास झाली, माझं काम पुन्हा सुरू झालं, आणि काम नसतं तेव्हा मी त्यांना दाणे टाकते. त्यांच्याशी माझं काही वैर नाही.

आठवड्याने जाऊबाई पुन्हा आल्या. हे विचारतायत, तो पासवर्ड बदलता येईल का. गल्लीत फिरायला जाणं मुश्किल झालंय त्यांचं.

"बदलते की," मी म्हटलं. "लगेच बदलते. फक्त त्यांनी स्वतः खाली यावं आणि एवढंच विचारावं, त्या मुलीचं पुढे काय झालं."

अजून आलेले नाहीत. कधीकधी लाइट गेली की जिन्यावर पावलं वाजतात, मधल्या पायरीपर्यंत येतात, थांबतात आणि परत वर जातात. मी टाइप करत असले तरी मला ऐकू येतं. मी हाक मारत नाही. बॅटरी भरलेली आहे, मला घाई नाही, आणि मासे मजेत आहेत.